बाकावरची माणसे : प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, माशेल

चतुर्थी होऊन महिना उलटला असून काकांच्या चित्रशाळेतील, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याच्या जागेतील, फळ्या आता रिकाम्या आहेत. पुढच्या वर्षीच्या मूर्तींसाठी पाट येऊ लागेपर्यंत ही जागा वापरण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. मार्चमध्ये पणजीत होणाऱ्या सामूहिक प्रदर्शनासाठी जे काम मी मनाशी धरले आहे, त्याची रूपरेषा इथे लिहून ठेवतो. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यातील एक लाकडी बाक, आणि त्यावर आपल्या दाव्याची तारीख केव्हा पुकारली जाते याची वाट पाहत बसलेली पाच माणसे. सगळी प्रत्यक्ष माणसाच्या आकारमानाची, चिकण मातीची आणि न भाजलेली.

दावा मुंडकारपणाचा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान् पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला बेदखल होण्यापासून संरक्षण देणारा आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा गोव्यात १९७५ मध्ये झाला. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर अशी त्या हक्काची मर्यादा आहे. कायद्याचा मजकूर थोडका आणि बऱ्यापैकी सरळ आहे. त्याची अंमलबजावणी मात्र नोटिसा, पाहण्या, हरकती, वारसांच्या याद्या आणि अपिले यांमधून जाते, आणि पहिला अर्ज करणारा माणूस निकाल ऐकायला हयात नसणे ही इथे कोणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. जमिनीच्या प्रश्नावर गोव्यात भाषणे पुष्कळ होतात. वाट पाहणारे शरीर मात्र कोणी फारसे न्याहाळलेले नाही आणि शिल्पकाराला करण्याजोगे काही असेल तर ते तिथेच आहे, असे मला वाटते.

१९ ऑक्टोबर

व्यंगचित्रे काढणारा एक मित्र आराखडा पाहायला आला होता. त्याचे म्हणणे असे की बाकासमोर टेबल हवे आणि टेबलामागे अधिकारी हवा. तोही फुगलेल्या गालांचा, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. त्याच्याशिवाय प्रेक्षकाला राग कोणावर धरायचा हे कळणार नाही.

त्याच्या बाजूने बोलणारा भक्कम पुरावा आहे आणि तो आमच्याच मातीतला आहे. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने १८३२ ते १८३५ या काळात फ्रान्समधील राजकारण्यांचे छोटे अर्धपुतळे केले, ते न भाजलेल्या मातीचे आणि वर रंग दिलेले. त्यांतील ३६ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. राजा लुई फिलिप याच्यावरील व्यंगचित्राबद्दल दोमिए याच सुमारास तुरुंगातही जाऊन आला होता. त्या अर्धपुतळ्यांत नाक, जबडा, कपाळ यांना दिलेला प्रत्येक ताण जाणूनबुजून दिलेला आहे, आणि कच्ची माती रंगवून माणूस उभा करण्याची ही रीत माशेलच्या कोणत्याही चित्रशाळेत ओळखीची वाटेल.

तरीही मी मित्राचे ऐकणार नाही. दोमिएचे चेहरे सामर्थ्यवान माणसांचे आहेत आणि त्याच्या प्रेक्षकाला ती माणसे रोजच्या वर्तमानपत्रातून ठाऊक होती. माझ्या बाकावरील माणसांना ज्याने बसवून ठेवले आहे तो कोणी एक माणूस नाही. बदली होऊन आलेला आणि बदली होऊन जाणारा अधिकारी हा त्या यंत्रणेचा सर्वांत तात्पुरता भाग आहे. त्याचा चेहरा कोरला की सगळा दोष त्या चेहऱ्यावर जाऊन बसेल आणि पाहणारा हसून मोकळा होईल. सत्ता चौकटीबाहेर ठेवून तिचा दाब बसलेल्यांच्या पाठीत, मानेत आणि गुडघ्यांत दाखवता येतो की नाही, हे या कामात मला पाहायचे आहे.

२७ ऑक्टोबर

या आठवड्यात एका कचेरीच्या व्हरांड्यात बसून रेखाटने केली. वहीऐवजी जुन्या फाइलीच्या पुठ्ठ्यावर काढली, त्यामुळे माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही. मीही तारखेलाच आलो आहे असे सर्वांनी गृहीत धरले.

टिपून ठेवण्याजोगे बरेच सापडले. वाट पाहणारा माणूस बाकाला पाठ टेकत नाही. पहिला अर्धा तास टेकतो, पण शिपाई एकदा दाराबाहेर येऊन कोणाचे तरी नाव पुकारून गेला की त्यानंतर सगळे कडेला सरकून बसतात, आणि ती कड पुन्हा सुटत नाही. वजन मांड्यांवरून पावलांकडे गेलेले असते, टाचा किंचित उचललेल्या असतात. कागद ठेवण्याच्या तऱ्हा तर पाहत राहाव्या अशा आहेत. एका म्हातारीने प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, त्या पिशवीत कापडी बटवा आणि बटव्यात घरपट्टीच्या पावत्या ठेवल्या होत्या, आणि सगळा वेळ तिने दोन्ही तळवे पिशवीवर पालथे धरले होते. खाणपट्ट्यातून आलेला, एकेकाळी ट्रक चालवलेला एक इसम कागदांची गुंडाळी करून ती मुठीत उभी धरून बसला होता. तरुण माणसे फोनमध्ये असतात, पण त्यांची मान फोनकडे आणि कान दाराकडे असतात; या दोन दिशांमुळे मानेच्या डाव्या बाजूला जी शीर ताणली जाते ती मातीत उतरवता आली तर तिसरी आकृती जमली म्हणायची.

चेहऱ्यांवर राग दिसला नाही. दुःखही दिसले नाही. सामाजिक आशयाची शिल्पे करताना कलाशाळेतून बाहेर पडलेले आपण सगळे उघडे तोंड, वर केलेली मूठ, खोल गेलेले डोळे यांच्या आश्रयाला फार लवकर जातो. व्हरांड्यात तसे काहीच नव्हते. होती ती केवळ सावधपणाची एक पातळ झाक, आणि ती करणे मुठीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

रात्रभर वाड्यावाड्यांतले नरकासूर पाहिले आणि पहाटे ते जळताना पाहिले. बांबूचा सांगाडा, सुतळीने आवळलेले गवत, वर कागदाचे थर, आणि इतक्या उंचीला तो तोल सांभाळणारी बांधणी. गोव्यातील तरुणांना शरीररचनेचे जे शिक्षण या रात्री मिळते ते अनेकांना कलाशाळेतही मिळत नाही. असुराचा आशय मात्र दंडाच्या स्नायूंपुरताच उरला आहे. दरवर्षी मोठा होत जाणारा, बक्षिसासाठी दात विचकणारा हा पुतळा कोणाविषयीही काही बोलत नाही. बांधणीपुरते मात्र मी त्याचे ऋण घेणार आहे. वाड्यावरील दोन मुलगे सांगाड्यांच्या कामाला यायला तयार झाले आहेत.

९ नोव्हेंबर

सांगाडे उभे राहिले. बसलेल्या आकृतीत सगळा भार बैठकीवर आणि पावलांवर विभागला जात असल्याने लोखंडी सळी फक्त कण्याला आणि मानेला घेतली. बाकीचे बांबू आणि काथ्याची दोरी. त्यावर भाताच्या गवताचा गाभा इतका घट्ट आवळला आहे की अंगठा दाबला तरी आत जात नाही. गाभा सैल राहिला तर माती वाळताना आत ओढली जाते आणि आकृती खंगल्यासारखी दिसते.

माती डिचोलीहून आणली. पहिला थर जाडसर मातीत भाताचा कोंडा मिसळून दिला आहे, दुसरा थर वस्त्रगाळ मातीत कापूस कुटून द्यायचा आहे. काकांनी थराच्या जाडीबद्दल पुन्हा पुन्हा बजावले. पाटावरच्या लहान मूर्तीत माती चहूबाजूंनी आखडायला मोकळी असते. इथे आत न आखडणारा गाभा आहे आणि वर आखडणारी माती, त्यामुळे जाड थर तडकणारच. पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू द्यावा, आणि वारा थेट लागू नये म्हणून उत्तरेची खिडकी बंद ठेवावी, असे त्यांनी सांगितले आणि खिडकी स्वतःच लावून घेतली.

२५ नोव्हेंबर, जुने गोवे

सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला २१ तारखेपासून सुरुवात झाली असल्यामुळे जुन्या गोव्यात माणसांचा महापूर आहे. त्यातच आज सेंट कॅथरीनचा दिवस. १५१० मध्ये याच दिवशी पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने हे शहर घेतले. मी व्हाइसरॉयच्या कमानीपाशी गेलो होतो. सोळावे शतक संपता संपता, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ही कमान उभी राहिली. विसाव्या शतकात ती कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. नदीच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामा आहे. शहराच्या बाजूला एक स्त्री उभी आहे, हातात तलवार, आणि तिच्या पायाखाली एक एतद्देशीय पुरुष आडवा पडलेला. तिला सेंट कॅथरीन मानतात.

गोव्यातले सर्वांत उघड राजकीय शिल्प कोणते, असे कोणी विचारले तर मी याच शिल्पाकडे बोट दाखवीन. त्याची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. नदीतून येऊन अधिकार स्वीकारणाऱ्याला पूर्वज दिसावा, आणि शहरात राहणाऱ्याला घाटाकडे जाताना रोज पायाखालचा माणूस दिसावा. आज हजारो लोक या कमानीखालून जात असताना क्वचितच कोणी मान वर करून पाहत होते.

कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर पडलेली आकृती सामान्य आहे. तिला वजन नाही. वरच्या पायाचा भार तिच्या अंगाला जाणवत नाही, ती केवळ खूण म्हणून तिथे ठेवली आहे. ज्याने ती घडवली त्याला पराभूत देहाविषयी कुतूहल नव्हते, आणि त्या शिल्पाचे राजकारण मला तलवारीपेक्षा या कुतूहलाच्या अभावात जास्त स्पष्ट दिसते. वर उभी असलेली स्त्री काढून टाकली आणि खालचा माणूस तसाच ठेवला, तर तो निजलेला वाटेल. माझ्या आकृतींना हीच कसोटी लावायची आहे. समोर कोणी नसतानाही त्या बसवलेल्या दिसल्या पाहिजेत.

४ डिसेंबर

शिल्पाची बैठक ठरली. चौथरा असणार नाही.

या विषयावर फ्रेंच शिल्पकार रोदँचे ‘कॅलेचे नागरिक’ टाळून पुढे जाता येत नाही. १३४७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने कॅले शहराचा वेढा उठवण्यासाठी सहा प्रतिष्ठित नागरिक गळ्यात दोर घालून, शहराच्या किल्ल्या हातात घेऊन आपल्याकडे यावेत अशी अट घातली होती. रोदँला १८८४ च्या सुमारास हे काम मिळाले आणि त्याने तो राजा दाखवलाच नाही. मृत्यूकडे निघालेली सहा माणसे, प्रत्येक जण आपापल्या पावलात अडखळलेला, एवढेच शिल्प आहे. नागरिक जमिनीलगत, येणाऱ्या-जाणाऱ्यांमध्ये मिसळलेले असावेत असा एक विचार त्याच्या मनात होता, परंतु १८९५ मध्ये अनावरण झाले ते चौथऱ्यावर आणि कठड्याच्या आत. पुढे १९२४ मध्ये ते खाली, बुटक्या बैठकीवर आणले गेले. तोवर रोदँ वारला होता.

चौथऱ्याची भाषा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. पोर्तुगीज कवी कामोंइशचा ब्राँझ पुतळा जुन्या गोव्यात १९६० मध्ये, म्हणजे पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे वर्ष उरले असताना उभारला गेला, आणि पाया डळमळत असताना कवीला उंच उभे करण्याचा हेतू कोणालाही कळण्यासारखा होता. आज तो आणि आल्बुकेर्कचा पुतळा दोन्ही पुराणवस्तू संग्रहालयात, छपराखाली आहेत. स्वातंत्र्यानंतर आपण उभारलेले पुतळेही चौथऱ्याशिवाय अडलेले नाहीत. माणूस बदलला, उंची तशीच राहिली.

मी मोजमाप करून पाहिले. बाकाची उंची ४२ सेंटिमीटर; त्यावर पुढे झुकून बसलेल्या आकृतीचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर येतात. उभ्या प्रेक्षकाचे डोळे दीडशेच्या वर. म्हणजे आकृती थेट फरशीवर ठेवल्या की प्रेक्षकाला त्यांच्याकडे वरून खालीच पाहावे लागते, आणि पाचांपैकी तिघांच्या माना मी जर किंचित वर उचलल्या, तर ते प्रेक्षकाकडे पाहतील, दारातून बाहेर आलेल्या माणसाकडे पाहावे तसे. मित्राला हवा असलेला अधिकारी अशा रीतीने जागेवर हजर होतो आणि मला त्याचे नाकही घडवावे लागत नाही. म्हातारीची मान आज रात्रीच बदलली; माती अजून ओली होती.

१७ डिसेंबर

पाचवी आकृती भाटकाराची आहे. हे ऐकून काकू हातातले काम टाकून आल्या. “त्याला कशाला तिथं बसवतोस? तो कुठं बाकावर बसतो?” असे त्यांनी विचारले. बसतो, मी पाहिला आहे. वारसांमध्ये वाटण्या होऊन, मुले परदेशी जाऊन, घराची कौले उतरू लागलेला ऐंशीच्या घरातला इस्त्रीच्या सदऱ्यातला गृहस्थही त्याच तारखेला येतो आणि त्याच बाकाच्या टोकाला बसतो. जुन्या काळी त्याच्या बाल्कांवापुढे, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीपुढे, मुंडकार अंगणात उभा राहत असे. या बाकाने दोघांना एका पातळीवर आणले आहे, आणि ते न्यायाने घडले की केवळ दिरंगाईने, हा प्रश्न मला उघडा ठेवायचा आहे.

दोघांतील फरक कपड्यांवर सोपवणे मला मान्य नाही. चौथी आणि पाचवी आकृती यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर ठेवले आहे, जेव्हा की बाकीच्या चौघांचे खांदे एकमेकांना घासतात. पाचवा माणूस पाठ टेकून बसतो. सगळ्या बाकावर तो एकटाच. वाट पाहण्याची सवय त्याच्या हाडांत अजून उतरलेली नाही.

दोन आकृतींमधील हवेचे काय करता येते, हे पाहण्यासाठी पणजीला पुन्हा संमोहनकार आबे फारियाच्या पुतळ्यापाशी जाऊन आलो. रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे १९४५ चे काम. फारियाचे पसरलेले हात आणि मागे कोसळणारी स्त्री यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. जे काही घडते ते त्या मोकळ्या जागेत घडते. संमोहनाविषयी ठाऊक नसलेला पर्यटक तिथे उभा राहून हल्ला झाला असे समजतो, आणि मला तर त्यात कामतांचे यश दिसते, कारण एका माणसाची दुसऱ्यावरची सत्ता त्यांनी ब्राँझमध्ये इतकी नेमकी पकडली आहे की तिचे कारण काढून घेतले तरी ती उरते. मडकईच्या या शिल्पकाराविषयी गोव्यात जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही.

१ जानेवारी २०२५

काल रात्री रस्त्याच्या कडेला मुलांनी जुन्या पँट-शर्टात गवत कोंबून, खुर्चीवर बसवलेले ‘ओल्ड मॅन’ मांडले होते. बारा वाजता ते जाळले. बसलेल्या गवती माणसाचे गुडघे कसे वाकतात हे टॉर्चच्या उजेडात पाहून घेतले. खिशात पेंढा कमी असला की मांडी खरी दिसते.

१३ जानेवारी

ट्रकवाल्याच्या उजव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत तडा गेला. हवा कोरडी आहे आणि त्याचा हात अंगापासून दूर असल्याने तो भाग आधी वाळला. पातळ कापडाच्या पट्ट्या मातीच्या राबड्यात भिजवून तड्यात बसवल्या, वर कापसाची माती लिंपली आणि हात तीन दिवस ओल्या कापडात गुंडाळून ठेवला. दुरुस्ती बसली, पण सांध्याची रेघ कडेने प्रकाश पडला की दिसते. ती घासून काढणार नाही. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या काळात ज्याचा ट्रक दारात उभा राहिला त्याच्या खांद्यावर एक रेघ असेल तर असो. अर्थात प्रेक्षकाला हे सांगायला मी तिथे उभा राहणार नाही, आणि सांगावे लागले तर ती रेघ निरुपयोगी आहे.

२८ जानेवारी

रंगाचा प्रश्न सुटला तो काकांशी झालेल्या वादातून. त्यांच्या मते रंग आणि डोळे दिल्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही, आणि दोमिएही त्यांच्याच बाजूचा. माझा कल कच्च्या मातीचा रंग तसाच ठेवण्याकडे होता, परंतु पाचही आकृती एकाच करड्या रंगात पाहिल्यावर त्या स्मारकासारख्या गंभीर वाटू लागल्या, आणि स्मारक मला नको होते. आता कपडे, पिशवी, फोन, चपला यांना रंग दिला आहे, बाजारात मिळतो तसा, थोडा भडक. कातडी मातीचीच ठेवली आहे. डोळ्यांत बुबुळे रंगवली नाहीत, ती खोदली आहेत. त्यामुळे वरून पडणाऱ्या प्रकाशात ती काळी भरतात आणि उजेड कमी झाला की रिकामी होतात. म्हातारीच्या पिशवीवर आधी एका दुकानाचे नाव लिहिले होते, ते पुसले. नावामुळे बघणारा तिथेच अडकला असता.

१० फेब्रुवारी

प्रदर्शनाच्या आयोजकांकडून दोन सूचना आल्या. पहिली, बाकावर एक जागा मोकळी ठेवावी, म्हणजे लोकांना मध्ये बसून फोटो काढता येईल आणि कलाकृती लोकांपर्यंत पोहोचेल. वॉशिंग्टनमधील रूझवेल्ट स्मारकात अमेरिकी शिल्पकार जॉर्ज सीगल याचे मंदीच्या काळातील पावासाठीच्या रांगेचे शिल्प आहे, पाच माणसांचे, आणि तिथे पर्यटक त्या रांगेत उभे राहून हसत फोटो काढतात. सीगलचे काम उत्तम आहे, आणि रांगेला शेवट मोकळा असतो, त्याला इलाज नाही. बाकाला मात्र दोन टोके असतात. मी बाक पाच माणसांच्या रुंदीचाच करून घेतला आहे. चौथ्या-पाचव्यातील चार बोटांत कोणी बसू शकणार नाही. प्रेक्षकाने उभेच राहायचे आहे; तो बसला की त्याची उंची जाते, आणि ४ डिसेंबरला जे मोजले त्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरी सूचना दोरखंडाची. माती कच्ची आहे, कोणी हात लावील, म्हणून दीड मीटरवर दोर बांधावा असे त्यांचे म्हणणे आहे. ही भीती खोटी नाही. तरी दोर बांधला की कॅलेचा कठडा परत आला. मी त्यांना लिहिले आहे की दोराऐवजी एक माणूस नेमावा, आणि त्याला दाराशी स्टुलावर बसवावे. उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत पेट्यांचे काम सुरू करतो. आकृती बाकापासून सुट्या निघत असल्या तरी दुसरी आणि तिसरी खांद्यात जोडलेल्या आहेत, त्यांना एकाच पेटीतून न्यावे लागेल आणि त्या रुंदीची पेटी चित्रशाळेच्या दारातून बाहेर निघत नाही. काका चौकट काढायला तयार आहेत, पावसापूर्वी परत बसवून दिली तर.